धुराच्या काट्याचा पासंग



जळगाव-धुळ्याच्या बाजारात तुम्ही कापूस घेऊन गेला असाल, मका घेऊन गेला असाल, नाही तर पाटीभर वांगी घेऊन आठवडे बाजाराला बसला असाल. माल काट्यावर चढण्याआधी जाणता शेतकरी एक गोष्ट केल्याशिवाय राहत नाही. तो रिकाम्या काट्याकडे बघतो. जुनी तागडी असेल तर दोन्ही पारडी रिकामी उचलायला लावतो आणि दांडी सरळ राहते का ते पाहतो. एक पारडं खाली झुकत असलं तर दुसऱ्याला खडा बांधून तो फरक काढून टाकायचा, ही रीत. त्या फरकाला आपण पासंग म्हणतो. 'तो याच्या पासंगालाही पुरायचा नाही' असं जे आपण बोलतो, तो शब्द या तागडीतूनच आलेला आहे.

पण एवढ्याने भागत नाही. दांडी सरळ राहिली, तरी किलोचं माप म्हणून जे लोखंड पारड्यात टाकलं ते खरोखर किलोभर आहे का? त्यासाठी सरकारी शिक्का लागतो. १९५६ साली वजनमापांचा कायदा झाला आणि मग शेर-मण हळूहळू जाऊन किलो-क्विंटल आले, तेव्हापासून तो शिक्का देशभर एकाच मापाशी बांधलेला आहे.

तेव्हा काटा खरा ठरायला दोन गोष्टी लागतात. रिकामा असताना शून्य दाखवला पाहिजे, आणि ओळखीचं वजन ठेवल्यावर तेवढंच दाखवलं पाहिजे. या दोन गोष्टी मनात पक्क्या धरा, कारण आज मी जे सांगणार आहे ते सगळं यांच्यावरच उभं आहे.

आता बाजारातून बाहेर पडून रस्त्यावर येऊ. धुळ्याला मुंबई-आग्रा रस्ता आणि सुरत-नागपूर रस्ता एकमेकांना छेदून जातात. तिथून पारोळा, एरंडोल करीत जळगावपर्यंत आलात, तर वाटेत पेट्रोल पंपाच्या कडेला किंवा आर.टी.ओ.च्या आसपास तुम्हाला 'पी.यू.सी.'ची पाटी दिसेलच. लोक म्हणतात, "पी.यू.सी. काढायची आहे." कायद्याने गाडीची पहिली नोंदणी होऊन वर्ष झालं की हा दाखला जवळ बाळगावा लागतो. १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला ११५ क्रमांकाचा नियम तो हाच. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून गाडी ठरल्यापेक्षा जास्त धूर सोडत असेल तर दंड दहा हजार रुपयांपर्यंत जाऊ शकतो. त्यामुळे शेतकऱ्याची मोटारसायकल असो, गुरुजींची गाडी असो, सर्वांना त्या टपरीपुढे उभं राहावं लागतं.

तिथे एक पोरगा बसलेला असतो. तो गाडीच्या सायलेन्सरमध्ये एक नळी घालतो, गाडी सुरू ठेवायला सांगतो, पडद्यावर आकडे येतात आणि कागद बाहेर पडतो. आपण पैसे देतो, कागद घडी करून खिशात घालतो. ज्या काट्यावर आपल्या गाडीचा धूर तोलला, तो काटा खरा होता का, हा प्रश्न मात्र आपल्या मनात येत नाही. कापसाच्या वेळी येतो, धुराच्या वेळी येत नाही. धूर विकायचा नसतो म्हणून असेल.

धूर तोलायचा तरी कसा? हे यंत्र तो वजनाने तोलत नाही, सावलीने तोलतं म्हणा. यंत्राच्या पोटात एक लहान नळी असते. तिच्या एका टोकाला तापलेली तार, दुसऱ्या टोकाला उष्णता ओळखणारा एक डोळा. तापलेल्या तव्यासमोर हात धरला तर ऊब लागते, पण मध्ये काही दिसत नाही, तसे हे न दिसणारे किरण. पुस्तकात त्यांना अवरक्त किरण म्हणतात. प्रत्येक वायू यांतले ठरावीक किरण पिऊन टाकतो. कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू ४.६ मायक्रॉन लांबीच्या लहरी पितो, कार्बन डायॉक्साइड ४.२६च्या, आणि न जळलेल्या पेट्रोलची वाफ, म्हणजे हायड्रोकार्बन, ३.४च्या आसपासच्या. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. नळीतून धूर सोडला की त्या त्या लहरी जितक्या कमी पोचतील, तितका तो वायू जास्त. वायू उष्णतेचे किरण पितात हे जॉन टिंडाल या शास्त्रज्ञाने १८५९ साली प्रयोगाने दाखवलं, आणि त्यावरून वायू मोजायचं यंत्र जर्मनीत १९३८ साली तयार झालं. ऑक्सिजन मात्र हे किरण पीत नाही. त्याच्यासाठी यंत्रात बॅटरीसारखा एक वेगळा छोटा सेल बसवलेला असतो, आणि तो बॅटरीसारखाच काही काळाने संपतो.

तार जुनी होते, काचेवर काजळी बसते, डोळा मंद होतो, दिवस तापतो, रात्र गार पडते. या प्रत्येक गोष्टीने पडद्यावरचा आकडा सरकतो, म्हणून यंत्राला पुन्हा पुन्हा खरं करून घ्यावं लागतं. यालाच कॅलिब्रेशन म्हणायचं. आजच्या यंत्रांत ते बरंचसं आपोआप होतं. पोरगा एक कळ दाबतो, कधी तेवढंही नाही, यंत्र आपल्या मनानेच दर थोड्या वेळाने किंवा प्रत्येक गाडीआधी ते उरकून घेतं. आत एक झडप फिरते, पंप गाडीचा धूर सोडून बाहेरची हवा ओढतो, ती हवा कोळशाच्या गाळणीतून जाते, आणि यंत्र म्हणतं, "ही स्वच्छ हवा. आता जे दिसतंय ते शून्य. आणि यातला ऑक्सिजन म्हणजे २०.९ टक्के." झाला पासंग काढून! याला ते लोक 'ऑटो झीरो' म्हणतात.

तागडीशी ताडून बघा. पारडं रिकामं आहे असं धरून यंत्राने दांडी सरळ केली. पण पारडं खरंच रिकामं होतं का, हे यंत्राला कोण सांगणार?

एक प्रसंग सांगतो. मे महिन्याचे दिवस होते. धुळ्याच्या बाजूला महामार्गालगत, पत्र्याच्या एका शेडमध्ये धाकट्या भावाच्या गाडीची तपासणी करायला आम्ही थांबलो होतो. गाडी २०१८ सालची, पेट्रोलची. आमच्या आधी दोन-तीन गाड्या रांगेत. तेवढ्यात वीज गेली. पोराने शेडच्या तोंडाशी ठेवलेलं लहानसं पेट्रोलचं जनरेटर ओढून सुरू केलं, यंत्र परत चालू झालं, गरम झालं, त्याने आपोआप शून्य घेतलं आणि काम पुढे चाललं. आमची पाळी आली. हायड्रोकार्बनचा आकडा आला १६८. या गाडीला दहा लाख भागांत २०० भागांपर्यंत मुभा आहे. पास. भाऊ खूश.

पोराने नळी सायलेन्सरमधून काढून बाहेर, शेडच्या कडेला टाकली. पडद्यावरचे आकडे उतरू लागले. मला जुनी खोड, मी बघत उभा राहिलो. हायड्रोकार्बन शून्यावर येऊन थांबला नाही. उणे ६०च्या आसपास जाऊन स्थिर झाला. कार्बन मोनॉक्साइड उणे ०.०२ टक्के.

मी म्हटलं, "अरे, हे उणे कसं?"

तो म्हणाला, "सर, मशीन ऑटोमॅटिक आहे. ते आपलं आपण सेट करतं."

पोरगा खोटं बोलत नव्हता. त्याला कोणी तसंच शिकवलं होतं. पण हवेत काही नसणं म्हणजे शून्य. नसण्यापेक्षाही कमी कसं असणार? पारडं रिकामं केल्यावर काटा शून्याच्या खाली गेला, तर त्याचा अर्थ एकच की काटा शून्य करताना पारड्यात काही तरी होतं. इथे पारड्यात होता जनरेटरचा धूर. पत्र्याच्या शेडमध्ये तो कोंडला होता, यंत्राने तीच हवा ओढली आणि तिलाच शून्य मानलं. मग कोळशाची गाळणी कशाला, असं तुम्ही विचाराल. कोळसा पेट्रोलची वाफ धरतो, पण तोही कधी तरी भरतो आणि मग काही धरत नाही. आणि कार्बन मोनॉक्साइड तर नवा कोळसासुद्धा फारसा धरत नाही, तो तसाच निसटून जातो.

आम्ही जनरेटर उचलून वाऱ्याच्या खालच्या अंगाला, दूर नेऊन ठेवलं. शेडची मागची झापड उघडली. यंत्राची हवा ओढणारी नळी बाहेर, मोकळ्या वाऱ्यात काढली. दहा मिनिटं थांबलो आणि परत शून्य घेतलं. गाडी परत लावली. आकडा आला २२६. नापास!

भावाने माझ्याकडे कसं पाहिलं ते सांगत नाही. पुढे गॅरेजमध्ये गाडीचे प्लग साफ झाले, एक बदलावा लागला, आणि गाडी नीट झाली. प्लगवर ठिणगी बरोबर पडत नव्हती, म्हणजे थोडं पेट्रोल न जळताच बाहेर जात होतं, आणि ते पेट्रोल भावाच्याच पैशाचं होतं.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. चांगल्या यंत्रातसुद्धा थोडी चूक असतेच, आणि मोनॉक्साइडच्या बाबतीत ०.०२ एवढा फरक त्या चुकीतही बसू शकेल. एका आकड्यावरून कोणाला चोर ठरवू नये. पण दोन्ही वायू एकाच दिशेला, उण्याकडे गेलेले आणि तिथेच टिकून राहिलेले दिसले, तर शंका घ्यायला जागा आहे. काही यंत्रं उणे आकडा दाखवतच नाहीत, पडद्यावर शून्यच ठेवतात. त्यांच्यात हे दिसणारही नाही.

आता दुसरी गोष्ट, ओळखीचं माप. हवेने नुसता पासंग निघतो. यंत्राचा किलो खरा आहे का हे पाहायला नमुन्याचा वायू लागतो. तो सिलिंडरमध्ये येतो. त्यात ठरावीक मापाने कार्बन मोनॉक्साइड, कार्बन डायॉक्साइड आणि प्रोपेन मिसळलेला असतो, बाकीचा सगळा नायट्रोजन. सिलिंडरवर चिठ्ठी असते, सोबत दाखला असतो. कोणता वायू किती, किती चुकीची मुभा, केव्हा भरला, केव्हापर्यंत चालेल, हे सर्व त्यावर लिहिलेलं. तो वायू बेताच्या दाबाने यंत्रात सोडायचा, आकडा स्थिर होऊ द्यायचा, आणि यंत्राला सांगायचं की हे इतकं आहे. यंत्र आपला गुणक बदलून घेतं. हेही आता आपोआप होतं. पण 'हे इतकं आहे' हा आकडा माणसाने भरायचा असतो. सगळी गोम तिथेच आहे.

समजा चिठ्ठीवर कार्बन मोनॉक्साइड ३.५० टक्के आहे आणि घाईत कोणी ३.०५ भरलं. पाच आणि शून्याची अदलाबदल, एवढीच चूक. मागच्या सिलिंडरचा आकडा तसाच राहून गेला, असंही होतं. यंत्र तक्रार करील का? फरक फारच मोठा असेल तर पुष्कळ यंत्रं नकार देतात. पण लहान फरक ती मुकाट्याने गिळतात. त्या दिवसापासून ते यंत्र प्रत्येक गाडीचा आकडा सुमारे १३ टक्क्यांनी कमी दाखवणार. २००० सालानंतरच्या जुन्या फोर-स्ट्रोक मोटारसायकलीला ३.५ टक्क्यांपर्यंत मुभा आहे. खरोखर ४ टक्के सोडणारी मोटारसायकल या यंत्रावर ३.४९ दाखवील आणि ऐटीत निघून जाईल.

उलटही घडतं, आणि ते गरिबाला जास्त लागतं. हायड्रोकार्बनचा हिशेब हेक्झेन नावाच्या वायूच्या मापात करतात, पण हेक्झेन सिलिंडरमध्ये नीट राहत नाही, दाबाखाली त्याचं पाणी होतं. म्हणून भरतात प्रोपेन. प्रोपेनच्या आकड्याला साधारण अर्ध्याच्या आसपासच्या एका गुणकाने गुणलं की हेक्झेनचा आकडा मिळतो. तो गुणक यंत्रावरच लिहिलेला असतो. समजा तो ०.५२ आहे आणि सिलिंडरमध्ये प्रोपेन आहे २०००. तर यंत्राला १०४० समजलं पाहिजे. काही यंत्रं हा गुणाकार स्वतः करतात, काहींना तो करून द्यावा लागतो. करून द्यायचा असताना कोणी सरळ २००० भरले, तर पुढे प्रत्येक आकडा जवळजवळ दुप्पट! ज्या मोटारसायकलीचा खरा आकडा ३००० आहे, तिचा ५७०० च्या वर दिसेल. तिची मर्यादा ४५००. बिचारा मालक दूध घालायचं सोडून गॅरेजमध्ये कार्ब्युरेटर उघडून बसेल, आणि त्यात काही दोष सापडायचा नाही.

यावर उपाय साधा आहे. कॅलिब्रेशन झाल्यावर तोच वायू, मोजणीच्या वेळी सोडतो तसा, पुन्हा सोडून बघायचा आणि पडद्यावरचा आकडा चिठ्ठीशी ताडायचा. पण आकडाच चुकीचा भरला असेल तर हीसुद्धा तपासणी फसते, कारण यंत्र तेच चुकीचं परत म्हणून दाखवील. म्हणून शक्य तिथे दुसरा, वेगळ्या प्रमाणाचा सिलिंडर वापरावा, आणि भरलेला आकडा दुसऱ्या माणसाने चिठ्ठीसमोर वाचून बघावा. ऑक्सिजनची तपासणी तर फुकटच होते. नमुन्याच्या सिलिंडरमध्ये ऑक्सिजन नसतो, तेव्हा तो वायू चालू असताना पडद्यावर ऑक्सिजन शून्याजवळ यायला हवा आणि मोकळ्या हवेत २०.९ वर परत जायला हवा. तो अडखळत असला किंवा वर चढतच नसला, तर सेल संपत आला आहे असं समजावं.

"एवढी काटेकोरी हवी कशाला? पूर्वी चालतच होतं की," असं म्हणणारे भेटतात. पूर्वी चालत होतं, कारण पूर्वीच्या मर्यादाच सैल होत्या. ४५०० भागांची मुभा असताना काटा ६० भागांनी चुकला तर काय मोठंसं? पण बी.एस. चारच्या पेट्रोल मोटारीला हायड्रोकार्बनची मुभा २०० भागांची आणि मोनॉक्साइडची ०.३ टक्क्यांची आहे. १ एप्रिल २०२० पासून बी.एस. सहा लागू झालं, त्यातल्या दुचाकीलाही ०.५ टक्के आणि ५०० भाग एवढीच मुभा आहे. कापूस तोलायच्या काट्यावर सोनं तोलायची वेळ आली आहे. सोनाराच्या काट्याला काचेची पेटी का असते ते आपल्याला ठाऊक आहे.

आपल्या खानदेशाची एक वेगळी अडचण आहे, ती म्हणजे ऊन. १९५५ साली स्थापन झालेली ओ.आय.एम.एल. नावाची एक आंतरराष्ट्रीय संघटना आहे, ती वजनमापांच्या कायदेशीर बाजूचं काम पाहते. धुराच्या यंत्रांसाठी तिची ९९ क्रमांकाची शिफारस आहे, आणि तीत यंत्राने कोणत्या तापमानात बरोबर चालावं ते साधारण ५ ते ४० अंश असं धरलेलं आहे. आता जळगाव-भुसावळचा मे महिना काय असतो ते तुम्हाला मी सांगायला नको. पारा ४५ला टेकतो, आणि पत्र्याखाली त्याहून जास्त. हवा तापली की पसरते. २५ अंशांना नळीत वायूचे जितके कण मावतात, त्याहून ४५ अंशांना सुमारे ६ टक्के कमी मावतात. चांगलं यंत्र आत थर्मामीटर ठेवून ही दुरुस्ती आपली आपण करून घेतं, पण त्यालाही मर्यादा आहे. सकाळी गारव्यात घेतलेलं शून्य दुपारी दोन वाजता तसंच राहील असं धरू नये. वीज जाऊन आली तरी तेच. यंत्र तापून स्थिर व्हायला जी मिनिटं लागतात ती दिलीच पाहिजेत, रांगेतली माणसं कितीही कटकट करोत. उंचीनेही फरक पडतो. कोणी तपासणीची गाडी तोरणमाळला नेली, तर तिथे हवेचा दाब सपाटीपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त कमी असतो. दाबाची दुरुस्ती यंत्राने केली आहे ना, ते तिथे पोचल्यावर पाहावं लागेल.

डिझेलच्या गाड्यांचं यंत्र निराळं. त्यात काळ्या धुरातून साधा उजेड सोडतात आणि किती अडला ते मोजतात. तिथेही रीत तीच. आधी मोकळ्या हवेत शून्य, मग ओळखीची धुरकट काच मध्ये धरून तिचा आकडा बरोबर येतो का ते पाहायचं.

शिक्षक मित्रहो, हे सारं वर्गात दाखवायला यंत्र लागत नाही. एक जाड रबरबँड खिळ्याला टांगा, खाली डब्याचं झाकण पारडं म्हणून बांधा, मागे पुठ्ठ्याची सरकती पट्टी लावा. पारडं रिकामं असताना काटा जिथे येईल तिथे शून्य, आणि शंभर ग्रॅमचं माप ठेवल्यावर येईल तिथे शंभर. मध्ये सारख्या रेघा ओढा. आता झाकणाच्या खाली थोडी ओली माती चिकटवा. प्रत्येक वजन सारखंच वाढून दिसेल. पट्टी सरकवून काटा शून्यावर आणला की सगळं परत बरोबर. हा झाला पासंग. मग माती काढा आणि रबरबँडच बदला, थोडा सैल लावा. पट्टी सरकवून रिकाम्या काट्याला शून्य दाखवता येईल, पण वजन जसं वाढेल तशी चूक वाढत जाईल. ही चूक पट्टी सरकवून जात नाही, त्यासाठी माप ठेवून रेघाच नव्याने माराव्या लागतात. सगळ्यात शेवटी, मुलांना न सांगता पारड्यात एक लिंबू ठेवा आणि एखाद्या मुलाला म्हणा, "बाळ, काटा शून्यावर आण." तो पट्टी सरकवील. मग लिंबू उचला. काटा शून्याच्या वर सरकून उण्यात जाईल. त्या शेडमध्ये नेमकं हेच झालं होतं. सहावी-सातवीच्या मुलांना हे एका तासात उमगतं, आणि पुढे कुठलाही काटा पाहिला की ती आधी तो रिकामा करायला सांगतात.

गाडीवाल्यांनीही दोन गोष्टी मागाव्यात, आणि मागताना भांडू नये. पहिली म्हणजे, नळी सायलेन्सरमध्ये घालण्याआधी ती मोकळ्या वाऱ्यात धरून पडदा दाखवायला सांगावं. मोनॉक्साइड शून्य, हायड्रोकार्बन शून्याजवळ, ऑक्सिजन २०.९. मागच्या गाडीच्या तेलाने नळी माखलेली असेल तर हायड्रोकार्बन उतरायला वेळ लागतो. ओ.आय.एम.एल.च्या शिफारशीप्रमाणे तो २०च्या खाली आल्याशिवाय पुढची गाडी लावू नये. दुसरी म्हणजे, नळी निदान ३० सेंटिमीटर तरी आत गेली पाहिजे. नुसती तोंडाशी धरली, तर बाहेरची हवा मिसळून आकडा फुकट कमी येतो. तसं करून मिळालेला दाखला खिशात राहील, पण गाडी पेट्रोल पीतच राहील. नमुन्याच्या सिलिंडरचा दाखला केव्हाचा आहे, हेही एखाद्याने विचारलं तर बिघडत नाही.

आणि त्या पोराबद्दल राहिलं. शून्य दुसऱ्यांदा घेतल्यावर मी त्याला विचारलं, "संध्याकाळी डोकं दुखतं का रे?" तो म्हणाला, "रोजच दुखतं सर. उन्हामुळे." कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, आणि तो रक्ताला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त जोराने चिकटतो. उणे ०.०२ टक्के म्हणजे दहा लाखात २०० भाग. कारखान्यांच्या जुन्या कायद्यात आठ तासांच्या कामासाठी मर्यादा ५० भागांची होती. यंत्राची चूक धरून त्यातले निम्मे सोडून दिले तरी उरलेले काही कमी नव्हेत. यंत्राने जी हवा शून्य म्हणून घेतली होती, तीच तो दिवसभर घेत होता.

टेबल उचलून शेडबाहेर, निंबाखाली आणायला आम्ही तिघे लागलो. यंत्राची तार थोडी अपुरी पडली, तेव्हा समोरच्या रसवंतीवाल्याने आपली जोडतार दिली. जनरेटर रस्त्यापलीकडे गेलं. पोराने परत शून्य घेतलं, नळी वाऱ्यात धरली आणि मला न विचारताच पडद्याकडे बोट केलं. मोनॉक्साइड ०.००, हायड्रोकार्बन ३, ऑक्सिजन २०.९.